पोकर स्पर्धेत पहिल्या जागेवरून मोठी पाने कशी खेळावीत

तीन पत्ती खेळून आलेल्या माणसाला एक सवय असते. मोठी पाने आली की गप्प राहायचे, बारीक चाल देत राहायची आणि समोरच्याला पुढे येऊ द्यायचे. मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर नऊ जणांच्या होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पाने आणि मध्ये सामाईक पाने असलेला पोकर) टेबलाला बसल्यावर हीच सवय महागात पडते, आणि सगळ्यात जास्त महागात पडते ती बिग ब्लाइंडच्या (पाने पाहण्याआधी मोठी सक्तीची रक्कम लावणाऱ्या खेळाडूच्या) लगेच डावीकडच्या जागेवर. तिथून सर्वांत आधी तुम्हाला बोलावे लागते आणि तुमच्यानंतर अजून आठ जण बोलायचे असतात.

हिशेब बघा. तुमच्याकडे गुलामांची जोडी आहे. मागच्या आठांपैकी निदान एकाकडे एक्के, बादशहा किंवा राण्यांची जोडी, नाहीतर एक्का-बादशहा असण्याची शक्यता सुमारे २० टक्के, म्हणजे पाच डावांत एकदा. डीलर बटनवरून (वाटणाऱ्याच्या जागेवरून) मागे दोघेच उरतात, तेव्हा ती साडेपाच टक्क्यांवर येते. पाने तीच, जागेने त्यांची किंमत बदलली.

पहिली पायरी पाने उचलण्याआधीची. आपल्या चिप्स बिग ब्लाइंडच्या रकमेच्या किती पट आहेत, म्हणजे आपल्याकडे किती बिग ब्लाइंड आहेत, ते मोजा, आणि मागच्यांपैकी कोणाकडे १५-२० बिग ब्लाइंडच उरलेत ते पाहून ठेवा. असा खेळाडू तुमच्या रेजवर (रक्कम वाढवण्यावर) कॉल (तेवढीच रक्कम भरणे) कमी करतो, थेट ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणे) जास्त जातो. त्याच्या ऑल-इनला काय उत्तर द्यायचे, हे रेज करण्याआधीच ठरलेले असावे.

मग निवड. तीस बिग ब्लाइंडच्या वर स्टॅक (तुमच्यापुढच्या एकूण चिप्स) असेल तर सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-बादशहा, एक्का-राणी, एकरंगी एक्का-गुलाम, एक्का-दश्शी आणि एकरंगी बादशहा-राणी एवढे पुरे. वेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम दिसायला देखणे, पण कॉल मिळतो तो बऱ्याचदा एक्का-राणी आणि एक्का-बादशहाकडून, आणि तिथे चारपैकी तीन वेळा तुम्ही हरता. ते टाकून द्या.

ही पाने आली की नेहमी रेज, आणि रक्कम प्रत्येक वेळी तीच. ब्लाइंड ५००-१,००० आणि अँटी (डावाआधी पॉटमध्ये, म्हणजे मधल्या रकमेत, पडणारी जादा रक्कम) १,००० असेल तर २,२०० ते २,५००. एक्क्यांवर ४,००० आणि सत्तीवर २,२०० असे केलेत तर तासाभरात सारे टेबल तुमची पाने वाचू लागेल. नुसता कॉल करून दबा धरू नका. एक्क्यांची जोडी एकाच्या अनोळखी पानांविरुद्ध ८५ टक्के जिंकते. मागे चौघे आले तर ५६ टक्केच. स्वस्तात आलेल्या त्या चौघांपैकी कोणाच्या दोन जोड्या लागल्या, हे फ्लॉपवर (मध्ये उघडलेल्या पहिल्या तीन पानांवर) कळायलाही मार्ग नसतो.

बोटीवर नवख्यांची एक चूक वारंवार होते. ५,००० ची एकच चिप न बोलता पुढे टाकली, तर नियमाने तो १,००० चा कॉल धरला जातो, रेज नव्हे. आधी स्पष्ट ‘रेज’ म्हणा, रक्कम सांगा, मग चिप्स एकाच हालचालीत पुढे सरकवा.

खरी कसोटी री-रेज, म्हणजे तुमच्या रेजवर पुन्हा वाढ, आल्यावर. तुम्ही २,३०० केले, मागून कोणी ७,००० केले. पहिल्या जागेवरून आलेल्या रेजवर लोक उगाच उडी घेत नाहीत, म्हणून त्याला मान द्यायचा. एक्के आणि बादशहांना पुन्हा १६,००० च्या आसपास न्या. पंचवीस बिग ब्लाइंडच असतील तर सरळ ऑल-इन. राण्यांनी घाबरून पळू नये: मागच्या आठांत कोणाकडे एक्के किंवा बादशहांची जोडी असण्याची शक्यता मुळात साडेसात टक्क्यांच्या आसपास असते. री-रेजनंतर ती वाढते, म्हणून मोठ्या स्टॅकवर कॉल करून फ्लॉप पाहणे ठीक. गुलामांचेही तसेच, फक्त फ्लॉपवर वरचे पान येण्याची शक्यता राण्यांना ४१ टक्के, तर गुलामांना ५७ टक्के असते हे ध्यानात ठेवा. एक्का-राणी मात्र बहुतेक वेळा फोल्ड, म्हणजे टाकून द्यायचे.

एक्का-बादशहावर लोक सर्वांत जास्त गोंधळतात. हातात हे दोन पत्ते असले की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी येण्याच्या सहा प्रकारांपैकी तीनच उरतात, बादशहांचेही तीन. राण्यांविरुद्ध तुम्ही ४३ ते ४६ टक्के जिंकता. म्हणून तीस बिग ब्लाइंडच्या आत ऑल-इन जाणे योग्यच. त्याहून खोल स्टॅकवर कॉल करावा. पण फ्लॉपवर जोडी साधारण तीनातून एकदाच लागते, न लागल्यास मोठ्या बेटसमोर सोडायची तयारी हवी.

फ्लॉपवर फक्त बिग ब्लाइंडचा खेळाडू सोबत असेल आणि बादशहा-सत्ती-दुर्री असे कोरडे पत्ते पडले तर पॉटच्या तिसऱ्या हिश्शाची बेट पुरते. नव्वी-अठ्ठी-सत्ती, त्यात दोन बदाम, असे पडले तर एक्क्यांनीही बऱ्याचदा चेक करावे, म्हणजे काही न लावता पुढे जाऊ द्यावे. तिथली सिक्वेन्स आणि दोन जोड्या तुमच्यापेक्षा त्याच्याकडे अधिक असतात.

दहा बिग ब्लाइंड उरले की छोटी रेज विसरा: छक्कीपासून वरच्या जोड्या, एक्का-गुलाम आणि वरचे, एकरंगी एक्का-दश्शी, एकरंगी बादशहा-राणी, यांवर ऑल-इन. बक्षिसाच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करताना मात्र यादी बरीच आखडा, विशेषतः समोरचा स्टॅक तुमच्याहून मोठा असेल तेव्हा.

गोव्यातल्या कॅसिनोत २१ वर्षांखाली प्रवेश नाही, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांनाही तिथे खेळता येत नाही. म्हणून पणजी-म्हापशाच्या वाचकांनी सराव चवथीत घरी सगळे जमल्यावर, पैसे न लावता करावा. नऊ हात वाटा, पहिला उघडा, रेज की फोल्ड ते मोठ्याने सांगा, आणि मग उरलेले आठ पालथे हात एकेक करून उलटा.