कोकणातली जुनी बोट नाथसागरात उतरवण्याआधी बार्नॅकल कसे काढावेत

बार्नॅकल म्हणजे समुद्रात बोटीच्या बुडाला चिकटणारे कवचवाले छोटे जीव. कोकणातून शिडाची जुनी बोट घेऊन पैठणला, जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर, आलात की काठावरचे जाणकार सांगणारच, "टाका धरणात, गोड्या पाण्यात बार्नॅकल आपोआप मरतात." मरतात, पण गळून पडत नाहीत. आतला जीव संपला तरी चुन्याचं कवच बुडाला चिकटलेलंच राहतं.

बोट पाण्यापासून लांब, ताडपत्रीवर घ्या. बुडाच्या जुन्या रंगात बहुधा तांबं असतं. बोट फारच जुनी असेल तर टीबीटी हे कथिलाचं विषारी रसायनसुद्धा निघू शकतं. त्यावर २००८ पासून जगभर बंदी आहे. जायकवाडीचं पाणी संभाजीनगर आणि जालना पितात, तेव्हा खरवड पोत्यात भरा, धरणात लोटू नका. हातमोजे आणि मास्क हवेतच.

उभी कवचं प्लास्टिकच्या पट्टीने, बुडाशी जवळजवळ आडवी धरून, बाजूने ढकला. निघतात.

डोकेदुखी सुरू होते ती यानंतर. कवच जातं आणि खाली पांढरी गोल चकती उरते. ती उन्हात वाळू देऊ नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस बोट उघडी ठेवली, तर चकती अशी धरते की माणूस थेट छिन्नी-हातोडी काढतो. छिन्नीला हातच लावू नका. ती जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, फोडते, त्या चरातून पाणी फायबरमध्ये शिरतं आणि पुढे बुडाला फोड येतात. गोड्या पाण्यात हे फोड समुद्रापेक्षा लवकर येतात, हे कोकणातला विकणारा सांगत नाही.

गोणपाट पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून चकत्यांवर बांधा, वरून प्लास्टिक गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. व्हिनेगर चुना खातं, चकती ठिसूळ होते. सकाळी ओली असतानाच पट्टीने काढा. हट्टी असतील त्यांना पुन्हा गोणपाट. शेवटी पाण्याचा पॉलिशपेपर, आधी २२० नंबरचा मग ४०० नंबरचा, सतत पाणी सोडत. कोरडं घासलंत तर विषारी रंगाची धूळ छातीत जाते. चर पडलाच तर जेलकोटने बुजवल्याशिवाय बोट उतरवू नका.

संडास धुवायचं अ‍ॅसिड झटपट काम करतं असं सांगणारे भेटतील. चुना विरघळतो, पण सोबत इंजिनाचा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा (प्रोपेलर) आणि ट्रेलरचं गॅल्व्हनायझिंगही जातं.

पंख्याला हात लावण्याआधी प्लगची वायर काढा. पंखा शाफ्टवरून उतरवून साफ करा; जागेवरच घासलात तर मागची बाजू राहते. व्हिनेगर इथेही चालतं, पण थोडाच वेळ, मग भरपूर पाण्याने धुवा. पात्याची कड कानशीने घासू नका. एका पात्यावर थोडी जरी खरवड उरली तरी इंजिन थरथरतं. शाफ्टला ग्रीस लावा, नट सुटू नये म्हणून असलेली कॉटर पिन नवी घाला.

समुद्रातले जस्ताचे अ‍ॅनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू गंजण्यापासून वाचवणारे तुकडे) गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, मॅग्नेशियमचे बसवा. बार्नॅकलसाठी तांब्याचा महाग रंग पुन्हा मारायची गरज नाही. नाथसागरात ते होतच नाहीत. शेवाळ धरेल, ते स्पंजने निघतं.

इंजिनाला गार करणारं पाणी ज्या जाळीतून आत जातं तिच्यातली कवचं मात्र सगळे विसरतात. ती बारीक तारेने कोरून काढा. पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर मागची पाण्याची धार बघा. बारीक पडत असेल तर लगेच बंद करा आणि जाळी पुन्हा उघडा.