धान्यातल्या किडीवर इमेजिंग प्रोजेक्ट करताय? आधी किडे पाळायला शिका

दाण्यात लपलेली कीड स्कॅनच्या फोटोंवरून ओळखायची, एम.टेक.ला हा विषय मिळाला की पोरं पहिल्यांदा पायथॉन आणि डीप लर्निंगला हात घालतात, मी पण तेच केलं आणि जवळजवळ एक सेमिस्टर घालवलं, म्हणून लिहितोय.

घरी ज्याला आपण टोके म्हणतो तो सोंड्या किडा. मादी गव्हाच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून चिकट द्रवाने भोक बुजवते, मग अळी आतच खाते, कोषही आतच, आणि ३० डिग्रीच्या आसपास साधारण महिन्याने भुंगा बाहेर पडतो. तोवर दाणा वरून एकदम धडधाकट, चाळा नाहीतर पाखडा, काही कळत नाही. दाणा न फोडता आतली कीड ओळखायची, म्हणजे आपलं सगळं काम या एका महिन्यातलं आहे.

सॉफ्ट म्हणजे कमी ऊर्जेच्या एक्स-रेमध्ये (१५ किलोव्होल्टच्या आसपास) पोखरलेल्या जागेतून किरण जास्त आरपार जातात, त्यामुळे मोठी अळी आणि कोष नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, अंडं आणि कोवळी अळी मात्र फार अवघड. मशीनसाठी एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम आहेत, ते पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये विचारा.

आता माझी चूक. निअर इन्फ्रारेड हायपरस्पेक्ट्रलवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, एकाच दाण्याचे अनेक तरंगलांबींवर घेतलेले फोटो) माझं मॉडेल फारच भारी रिझल्ट द्यायला लागलं, मी खूश, आणि मग एका सीनियरने विचारलं की चांगले दाणे कुठे ठेवले होतेस? ते कपाटात होते, किडके दमट चेंबरमध्ये! १४५० नॅनोमीटरजवळ पाणी जोरात शोषण दाखवतं, म्हणजे मॉडेल कीड नाही, ओलावा ओळखत होतं. वर किड्यांच्या बरणीतला प्रत्येक दाणा मी 'किडका' धरला होता, प्रत्यक्षात बरेच दाणे कोरेच होते.

मग सगळं परत केलं. दोन्ही गटांचे दाणे एकाच चेंबरमध्ये तितकेच दिवस ठेवले, मादी दोन-तीन दिवसांत काढून घेतली म्हणजे अळीचं वय पक्कं कळतं, आणि स्कॅन झाल्यावर एकेक दाणा ब्लेडने कापून बघितला. फार कंटाळवाणं काम आहे पण दुसऱ्या कोणावर सोडू नका. अंडं घातलेले दाणे निवडायला अ‍ॅसिड फुक्सिन हा रंग वापरा, बुजवलेलं भोक लालभडक दिसतं.

वाचायला सुरुवात दिग्विर जयस कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात असतानाच्या त्यांच्या गटाच्या पेपरांपासून करा, एक्स-रे, थर्मल (उष्णतेचे फोटो), हायपरस्पेक्ट्रल तिन्हीवर त्यांचं काम आहे, आणि त्यात आधी किडे कसे वाढवले तो भाग वाचा, अचूकतेचे आकडे नंतर.