जुनी रिळं आणि मोबाइलचं फुटेज एकत्र एडिट करताना या चुका टाळा

कोकणात माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आठ मिलिमीटरची रिळं सापडतात. गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्याने पालखी, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), पडवीत बसलेले आजोबा असं सगळं त्यात टिपलेलं असतं. ती स्कॅन करून आजच्या मोबाइल आणि ड्रोनच्या फुटेजला जोडायची, हा विचार फार चांगला आहे, आणि रिळं बरी आहेत तोवरच तो अमलात आणावा. फक्त कापाकापी सुरू करण्याआधी फिल्मचा वेग ठरवा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (सुटी चित्रं) दिसायला हव्यात ते. बाकीच्या चुका नंतर सुधारता येतात, ही मात्र सगळं एडिटिंग उलटं करायला लावते.

साधी आठ मिलिमीटरची मूक फिल्म बहुधा सेकंदाला 16 फ्रेमने घेतलेली असते. 1965 साली आलेली सुपर एट साधारणपणे 18 फ्रेमने, तर आवाज असलेली सोळा मिलिमीटर 24 ने. आपल्याकडे व्हिडिओ 25 चा, आणि मोबाइल आपणहून 30 वर चालतो. स्कॅन करणारा फिल्मची एक फ्रेम म्हणजे फाइलची एक फ्रेम असं धरतो आणि फाइलवर 24 किंवा 25 चा शिक्का मारून देतो. ती फाइल तशीच टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर) टाकली, तर 18 ची फिल्म जवळजवळ 1.4 पट वेगाने पळते.

रापणीचा शॉट घ्या. दोराला धरलेली माणसं मागे रेलतात, टाचा वाळूत रुतवतात, एक पाऊल मागे येतात, पुन्हा रेलतात. जाळ्याचं वजन त्या थांबण्यातच दिसतं. वेग वाढला की तीच माणसं तुरुतुरु मागे सरकतात आणि जाळं रिकामं वाटायला लागतं. घरच्या माणसांचंही तेच. चेहरा धूसर असला तरी चालीवरून आजीला ओळखणारे लोक समोर बसलेले असतात. त्यांना ती चाल खरी दिसली पाहिजे.

उपाय सोपा आहे. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर असेल तर ‘इंटरप्रिट फुटेज’, रिझॉल्व्ह असेल तर ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’ उघडा आणि क्लिपचा खरा फ्रेम रेट द्या. हवा तो आकडा तिथे नसेल, तर 25 चा शिक्का असलेल्या 18 च्या फिल्मला 72 टक्के स्पीड द्या, 16 च्या फिल्मला 64 टक्के. मूळ वेग माहीत नसेल तर आरामात चालणारा माणूस शोधून फ्रेम मोजा. पाऊल पडायला साधारण अर्धा सेकंद लागतो. आठ-नऊ फ्रेममध्ये पाऊल पडत असेल तर फिल्म 16 किंवा 18 ची, बारा लागत असतील तर 24 ची.

मग 18 आणि 25 मधली तूट भरायला लोक ‘ऑप्टिकल फ्लो’ लावतात, म्हणजे मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर अंदाजाने बनवतं. समुद्राच्या शॉटवर ते नकोच. फेस, पाऊस आणि हलत्या झावळ्या यांचा अंदाज सॉफ्टवेअरला नीट येत नाही, झावळ्या एकमेकींत विरघळतात. साधं ‘फ्रेम सॅम्पलिंग’ ठेवा, त्यात आहेत त्याच फ्रेम पुन्हा दाखवल्या जातात. थोडा झटका दिसेल, पण दिसेल ती प्रत्येक फ्रेम खरी असेल.

मोबाइलच्या बाजूची गडबड वेगळी. बऱ्याच फोनचा फ्रेम रेट चालता चालता बदलतो, म्हणून लांब आरतीत आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. अशा क्लिपा आधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटच्या करून घ्या. नवं शूटिंग करणार असाल तर 25 फ्रेम आणि 1/50 शटर (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) लावा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे मांडवातल्या ट्यूबलाइट लुकलुकणार नाहीत.

चौकट ताणू नका. आठ मिलिमीटरची चौकट जवळपास 4:3 ची असते. ती 16:9 मध्ये ताणली की माणसं जाडी होतात, कापली तर पालखीचा कळस जातो. दोन्ही बाजूंना काळं राहू द्या.

रंगात क्रम महत्त्वाचा: आधी फिल्म, मग डिजिटल. जुन्या रंगीत फिल्ममध्ये बहुतेकदा निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि चित्र गुलाबी पडतं. चुन्याची भिंत किंवा धोतर पांढरं दिसेल इतपत हाताने सुधारा. ऑटो बटण दाबू नका, ते जांभ्याचा तांबडा रंगही दोष समजून पुसायला जातं. मोबाइलचं फुटेज एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांचं) असेल तर ते ‘रेक 709’ या नेहमीच्या व्हिडिओच्या रंगमानकात आणा, शार्पनेस जरा उतरवा, आणि तेवढ्यावर थांबा. डिजिटल शॉटवर खोटे ओरखडे चढवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खऱ्या ओरखड्यांची किंमतच त्याने जाते.

फिल्मचा ग्रेनही (चित्रातले बारीक कण) धुऊन काढू नका. त्याच्याबरोबर जाळ्याची वीण जाते. एक्सपोर्टला बिटरेट (सेकंदाला किती डेटा) मात्र भरपूर द्या, नाहीतर ग्रेन असलेल्या आभाळात चौकोन पडतात.

मूक फिल्मखाली आजच्या किनाऱ्याचा आवाज घालायला हरकत नाही, पण त्यात वॉटर स्कूटर येत नाही ना, ते हेडफोन लावून ऐका.

आणि स्कॅन झालं म्हणून रीळ टाकू नका. उद्या त्याच रिळाचा अधिक चांगला स्कॅन होऊ शकतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट फिल्म सडायला लागलीय असं समजा. तिला प्रोजेक्टरवर चढवू नका, इतर रिळांपासून वेगळी ठेवा आणि स्कॅनसाठी तिचा नंबर आधी लावा. बाकीची माळ्यावरून खाली आणा, कौलाखालची उष्णता आणि पावसाळ्यातली ओल दोन्ही त्यांना मारक आहेत.