वायफाय जोडलं, पण लॉगिनचं पान कुठंय?

वायफायच्या कमानी वर झळकतायत आणि पाठवलेल्या मेसेजखाली मात्र घड्याळाचं चिन्ह. मोबाइल ॲप तपासणं हे माझं काम, त्यामुळे असा फोन हातात देऊन "जरा बघ ना" म्हणणारी माणसं मला सगळीकडे भेटतात. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. सार्वजनिक वायफायचं लॉगिन पान कुठेतरी अडकलेलं असतं, तेवढं हुडकून काढायचं.

त्यासाठी आधी फोन स्वतः काय करतो ते माहीत हवं. वायफाय जोडलं की तो तुम्हाला न विचारता एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारून बघतो. अँड्रॉइड सहसा गूगलच्या ज्या पत्त्याला विचारतो त्याच्या शेवटी 'जनरेट_204' असतं. उत्तरात 204 हा आकडा (विनंती पोचली, पाठवायला काही नाही) आणि बाकी कोरं, एवढंच त्याला हवं असतं. आयफोन कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉमवर जातो, तिथल्या पानावर 'सक्सेस' हा एकच शब्द असतो. यापेक्षा वेगळं काही आलं, समजा 302 (म्हणजे 'दुसरीकडे जा') देऊन भलत्याच पत्त्याकडे पिटाळलं, की फोन ओळखतो की वाटेत कुणीतरी नाका लावून बसलंय. मग तो 'साइन इन करा' अशी सूचना देतो किंवा पानच समोर आणतो.

ही हाक साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कुलूप नसलेल्या जोडणीवर, मारलेली असते, ते मुद्दाम. एचटीटीपीएस या कुलूपबंद जोडणीवर मधल्या माणसाला स्वतःचं पान घुसवता येत नाही, साइटचं ओळखपत्र म्हणजे सर्टिफिकेट जुळत नाही आणि ब्राउझर लाल इशारा दाखवतो. म्हणून लोक नेहमीची साइट पुन्हा पुन्हा उघडून बघतात त्यातून काही निघत नाही. आणि तो इशारा आला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका.

आता हातानं शोधायचं असेल तर पहिलं काम मोबाइल डेटा बंद करणं. हे लोकांना पटत नाही, पण गोम इथेच आहे. वायफायवरून इंटरनेट मिळत नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावरून काम चालवतो. तुम्ही ब्राउझरात काहीही टाका, विनंती वायफायच्या वाटेला जातच नाही, मग पान कुठून येणार? व्हीपीएन (सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) असेल तर तेही बंद. अँड्रॉइडवर 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा, ती सेटिंग) एखादा सर्व्हर स्वतः लिहून ठेवला असेल तर तो तेवढ्यापुरता 'ऑटोमॅटिक'वर आणा.

मग ब्राउझरात नेव्हर एसएसएल डॉट कॉम उघडा. ही साइट याच कामासाठी आहे, ती एचटीटीपीएस वापरतच नाही. किंवा ॲपलचा वरचा पत्ता टाका, तो अँड्रॉइडवरही चालतो. पत्त्याआधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरप्या रेघा स्वतः टाइप करा, नाहीतर ब्राउझर आपल्या मनानं एस जोडतो. 'सक्सेस' दिसलं तर इंटरनेट आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. लॉगिन पान आलं तर सापडलं. नुसतंच चक्र फिरत राहिलं तर वायफायच्या तपशिलात जा, आयफोनवर 'राउटर' आणि अँड्रॉइडवर 'गेटवे' असा आकड्यांचा पत्ता दिसेल, तो ब्राउझरात टाकून बघा. दरवेळी चालत नाही, पण मी सोडत नाही.

आयफोनवर आपोआप उघडणारं पान म्हणजे सफारी नव्हे, ती वेगळी छोटी खिडकी आहे. तिच्या वरच्या कोपऱ्यावर नजर ठेवा. लॉगिन होईपर्यंत तिथे 'कॅन्सल' असतं, नेट सुरू झालं की तेच 'डन' होतं. पान "अभिनंदन, तुम्ही जोडले गेलात" म्हणत असलं तरी मी त्या कोपऱ्यावरच विश्वास ठेवते. अँड्रॉइडवर काम झालं की खिडकी बहुधा आपली आपणच मिटते.

काल चाललं आणि आज परत विचारतंय? पोर्टल, म्हणजे लॉगिन पान दाखवणारी यंत्रणा, तुम्हाला सहसा फोनच्या मॅक पत्त्यावरून (वायफायवरच्या ओळख क्रमांकावरून) ओळखतं. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन खरा पत्ता लपवून प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता देऊ लागले. तो बदलला की पोर्टलच्या लेखी तुम्ही परके. मुदत संपून मध्येच नेट गेलं तर वायफाय बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे फोन नव्यानं हाक मारेल.

खरं तर एवढी शोधाशोध लागूच नये. 2020 मध्ये आलेल्या आरएफसी 8910 या इंटरनेट मानकानुसार राउटर डीएचसीपीच्या (फोनला नेटवर्कवरचा पत्ता देणाऱ्या व्यवस्थेच्या) 114 क्रमांकाच्या पर्यायातून "लॉगिन इथे आहे" असं फोनला सरळ सांगू शकतो, आणि अँड्रॉइड 11 व आयओएस 14 पासून फोनला ते कळतं. त्याआधी 2012 मध्ये खास याच कामासाठी 511 हा स्टेटस कोडही (204, 302 सारखा उत्तराचा आकडा) ठरला होता. कामाच्या इतक्या वर्षांत तो मला एकदाही दिसलेला नाही.

ॲप बनवणाऱ्यांसाठी एक. आमचं एक ॲप सर्व्हरकडून 200, म्हणजे 'सगळं ठीक', आलं की खूश व्हायचं. पोर्टलनंही 200 च दिलं, सोबत स्वतःचं लॉगिन पान. ॲपनं ते पान बातम्यांची यादी समजून जपून ठेवलं आणि घरी गेल्यावरही पडद्यावर तेच दाखवत बसलं. तेव्हापासून मी आकड्यावर थांबत नाही, आत काय आलंय तेही तपासते.

पान सापडलं म्हणून हुरळून सगळं भरू नका. फोन नंबर आणि ओटीपी मागणं समजू शकतं. ईमेलचा पासवर्ड मागितला किंवा प्रोफाइल (फोनच्या सेटिंग बदलणारी फाइल) नाहीतर सर्टिफिकेट इन्स्टॉल करायला सांगितलं तर नेटवर्क 'फर्गेट' करा आणि निघा.

काम आटोपलं की व्हीपीएन, प्रायव्हेट डीएनएस आणि मोबाइल डेटा आठवणीनं पूर्ववत करा. मी एकदा डेटा चालू करायला विसरले, आणि वायफायच्या टापूबाहेर पडल्यावर अर्धा तास सिम कंपनीला शिव्या घालत होते.