टायर बदलल्यावर इलेक्ट्रिक गाडीचं स्टिअरिंग ढिलं वाटतंय? तपासणी या क्रमाने करा

दुपारी चारही टायर नवे टाकले आणि संध्याकाळी कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरत होतो. स्टिअरिंग हातात होतं, पण गाडी तरंगल्यासारखी वाटत होती. लेन धरून ठेवायला सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करावं लागत होतं. तो उतार किती वाईट आहे हे पुणेकरांना सांगायला नको. तेव्हापासून टायरचं कुठलंही काम झालं की मी खालच्या क्रमाने तपासणी करतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण जिवावर बेतू शकतं ते आधी पाहायचं आणि खर्चाचं शेवटी.

सगळ्यात आधी व्हील नट. हळू चालवताना चाकातून टक-टक आवाज येत असेल, किंवा स्टिअरिंगची थरथर वाढत चालली असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्या आणि पुढे एक किलोमीटरही चालवू नका. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे ही टक-टक लवकर कानावर येते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. दुकानात बहुतेक वेळा एअरगनने नट मारतात आणि मग कुठला जास्त आवळला जातो, कुठला कमी. रिम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) यांच्यामध्ये गंज किंवा माती राहिली, तर आवळलेला नटही थोड्या अंतरानंतर सैल पडतो. टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना तो 100 ते 120 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. पान्यावर उभं राहून नट आवळू नका, त्याने स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, ताणले जातात.

मग हवा. माझ्या गाडीचा दोष इथेच निघाला. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 36 पीएसआय लिहिलेलं आणि पुढच्या दोन्ही टायरमध्ये 28. टायरवाल्याने सगळ्या गाड्यांना भरतात तेवढीच हवा भरली होती. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा आपली गाडी बॅटरीमुळे बरीच जड असते. हवा कमी असली की टायरची बाजू दबते, स्टिअरिंग फिरवल्यावर आधी रबर वाकतं आणि मग गाडी वळते. उलटही होतं: टायर रिमवर चढवताना त्याची कड ‘टप्’ आवाज करून बसेपर्यंत जादा हवा भरतात आणि ती कधी तशीच राहून जाते. अशी गाडी ढिली न वाटता बावरल्यासारखी वाटते, खड्डा आला की उडते. हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर मोजा. गरम टायरचा आकडा तीन-चार पीएसआयने फसवतो. शक्यतो स्वतःचा गेज वापरा.

हवा बरोबर असेल तर टायरकडेच नीट बघा. बाजूवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेला हवा, ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर हवी. आकारापुढचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, जुन्या टायरइतका किंवा जास्तच असावा. 95 म्हणजे एका टायरला 690 किलो, 99 म्हणजे 775. आकार तोच पण इंडेक्स कमी, असा टायर स्वस्त मिळतो म्हणून गळ्यात मारला असेल तर तो बदलूनच घ्या.

यातलं काहीच चुकलेलं नसेल तर थोडा धीर धरा. झिजलेल्या टायरवर दोन मिलिमीटर नक्षी उरलेली असते, नव्यावर सात-आठ. ते उंच ठोकळे वळताना लवतात, त्यामुळे पहिले काही शे किलोमीटर स्टिअरिंग मऊ लागतं. हा दोष नव्हे. फक्त तोवर पावसात जपून चालवा.

आता प्ले, म्हणजे चाक न हलता स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते. गाडी सपाट जागी, पार्क (P) गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, पण चालू ठेवा. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवा आणि बाहेरच्या माणसाला पुढचं चाक बघायला सांगा. चाक हलायच्या आधी स्टिअरिंग तीन सेंटिमीटरहून जास्त फिरत असेल किंवा खट्ट आवाज येत असेल, तर स्टिअरिंग चाकाला जोडणारे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा रॅक यांच्यावर संशय घ्या. पुढची चाकं ओढणारी गाडी पेडल दाबल्यावर एका बाजूला आणि सोडल्यावर, म्हणजे रीजन (मोटरनेच लागणारा ब्रेक) लागल्यावर, दुसऱ्या बाजूला जात असेल तर लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्यातले रबरी सांधे) तपासून घ्या. गाडी वर घेताना जॅक फक्त ठरवून दिलेल्या जागीच लावायला लावा, मधे बॅटरी आहे. नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या, केबलला कुणाचाही हात लागू देऊ नका.

अलाइनमेंट यानंतर. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या आणि टो (चाकं पुढच्या बाजूला किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन) पुस्तिकेतल्या मर्यादेत आला का ते पाहा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल किंवा स्थिरता-नियंत्रणाचा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून स्टिअरिंग किती फिरलं ते मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायला सांगा. टायरच्या दुकानात हा स्कॅनर नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागेल आणि जाताना तो कागद सोबत न्या.