क्लाऊनफिश आणला पण खाऊन नाही राहिला? हे करा
नागपूरहून क्लाऊनफिश (खाऱ्या पाण्यातला मासा) आणला न पहिले एक-दोन दिवस त्यानं तोंडच नाही लावलं तर घाबरू नका भाऊ, नव्या पाण्यात असं होतेच. लाइट कमी करा, टँकपाशी पोट्ट्यांची गर्दी नको. फ्रोजन मायसिस किंवा आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव, माशांचं खाद्य) टँकच्याच पाण्यात वितळवून ड्रॉपरनं तोंडासमोर दोन-चार तुकडे सोडा, तोंडात घेऊन थुंकला तरी चालते, चव पाहून राहिला तो. उरलेलं लगेच काढा, नाहीतर अमोनिया वाढते. बोअरचं पाणी अजिबात नको, आरओ न मरीन सॉल्टच, हायड्रोमीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र) १.०२५ च्या आसपास. टेम्परेचर २५-२७, मे महिन्यात लाइन गेली की बॅटरीवाला एअर पंप पाहिजेच. अंगावर पांढरट चिकट थर न श्वास जोरजोरात दिसला तर ब्रुकलिनेला (परजीवीमुळं होणारा रोग) असू शकते, तेव्हा उद्यावर नका टाकू, लगेच वेगळ्या टँकमध्ये हलवा.