रात्रशाळेत शिकताय आणि इंटरव्ह्यूची तयारी करायचीय? वर्गातच सुरू करा

दिवसभर ड्युटी, साडेसहाला वर्ग, घरी पोचेपर्यंत साडेदहा, मग इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करायची कधी, हा प्रश्न आमच्या मुंबईतल्या रात्रशाळेत दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं असतं. तास सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, वर्गातच, सगळ्यांनी मिळून आणि मोठ्याने. घरी एकट्याने मनात पाठ केलेलं समोर अनोळखी माणूस बसला की निम्मं उडून जातं, त्यामुळे तोंडाने बोलल्याशिवाय ही तयारी होतच नाही.

पण पहिल्या दिवशी उत्तरं पाठ करायला घेऊ नका. आधी वहीचं एक पान घ्या आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत कामावर काय काय केलं ते बारीकसारीक सगळं लिहा. इथेच आपली माणसं स्वतःला कमी धरतात. विचारलं की म्हणतात, "काही नाही मॅडम, दुकानात असते." मग जरा खोदून विचारलं की कळतं ती रोज सकाळी गल्ला मोजून ताब्यात घेते, यूपीआयचे पैसे खरंच जमा झाले का ते बघते, माल संपत आला की फोन करून मागवते आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाला पण तीच समजावते. अहो, कंपन्या नवीन पोरांना महिना-महिना ट्रेनिंग देऊन हेच तर शिकवतात! घरकाम करणाऱ्या ताईंकडे तीन-चार घरांच्या किल्ल्या असतात, म्हणजे एवढी माणसं तिच्या भरवशावर घर सोडून जातात, हाऊसकीपिंगच्या इंटरव्ह्यूत याहून मोठं काय सांगणार? आणि शक्य तिथे आकडा घाला, रोज किती पार्सल पोचवता, किती माणसांचा स्वयंपाक करता, एकाच ठिकाणी किती वर्षं टिकलात. आकडा सांगितला की समोरचा कान देऊन ऐकतो.

हे पान तयार झालं की "तुमच्याबद्दल सांगा" या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ झालंच. गावाचं नाव, वडील काय करतात, भाऊ-बहीण किती हे सगळं बाजूला ठेवा. सध्या काय काम करता, त्यात काय चांगलं जमतं, शिकताय काय आणि ही नोकरी का हवीय, एवढंच बोला, मिनिट-दीड मिनिटात. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि परत जाताना ट्रेनमध्ये ऐका, कुठे रेंगाळलात ते आपलं आपल्यालाच कळतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका प्रश्नाला द्या, "एवढ्या उशिरा दहावी कशी काय?" कारण इथे चांगली चांगली माणसं अडखळतात, काहींच्या डोळ्यात पाणी येतं, काही जण घरची सगळी कहाणी सांगत बसतात आणि मग मूळ काम राहून जातं. उत्तर तीन-चार वाक्यांत बसवा. "वडील गेल्यावर नववीत शाळा सोडून कामाला लागलो. नंतर रात्रशाळेत नाव घातलं आणि नोकरी सांभाळून दहावी पास झालो. आता बारावीला आहे." एवढं बोलून थांबा, पुढे विचारलं तरच सांगा. हे वर्गात दहा वेळा मोठ्याने म्हणा, हळूहळू आवाज स्थिर होतो. आणि यात लाज कसली हो? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली होती, तेव्हापासून दिवसा राबून रात्री शिकणाऱ्यांची ही वाट आहे. मान वर करून सांगा.

बायकांना अजून एक विचारतात, लग्न झालंय का, मुलं लहान आहेत का, उशीर झाला तर चालेल का. चिडायचं नाही आणि घरातली सगळी व्यवस्था समजावत बसायचं पण नाही. "वेळेवर येण्यात माझ्याकडून अडचण येणार नाही. शिफ्ट किती ते किती आहे?" असं म्हणून प्रश्न कामावर आणा.

आता प्रॅक्टिस कशी करायची ते. तिघांचा गट करा, एक विचारणार, एक उत्तर देणार आणि तिसरा नुसता बघणार. सुरुवात दारापासून करा, विचारून आत या, नमस्कार करा, सांगितल्यावर बसा. बघणाऱ्याने शेवटी दोनच गोष्टी सांगायच्या, कुठे अडकलात आणि काय नीट कळलं नाही. हसायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी करा, कारण चाळिशीतला माणूस एकदा वर्गात हसण्यावारी गेला की परत उभा राहत नाही. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका म्हणजे कुठला येईल ते माहीत नसतं. आणि विचारणाऱ्याच्या खुर्चीत सगळ्यांनी बसाच, तिथून बघितलं की लांबड लावणारं उत्तर किती कंटाळवाणं होतं ते लगेच लक्षात येतं. महिन्यातून एकदा बाहेरचं कुणीतरी बोलवा, नोकरीला लागलेला माजी विद्यार्थी किंवा कुणाच्या ओळखीचे सुपरवायझर.

भाषेचं टेन्शन फार असतं. उत्तर आधी मराठीत पक्कं करा, मग तेच हिंदीत बोला कारण मुंबईत पुष्कळ ठिकाणी हिंदीतच विचारतात, आणि इंग्रजीची पाच-सहा वाक्यं तयार ठेवा. प्रश्न कळला नाही तर "सर, प्लीज रिपीट द क्वेश्चन" म्हणायला घाबरू नका. अंदाजाने भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

फोनची प्रॅक्टिस पण करा, कारण एचआरचा, म्हणजे कंपनीत माणसं घेणाऱ्या विभागाचा, फोन नेमका तुम्ही कामावर असतानाच येतो. "मी आत्ता ड्युटीवर आहे, दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत फोन केला तर चालेल का?" एवढं म्हणा आणि नाव, कंपनी, पत्ता विचारून घ्या. स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला हे पण विचारा, नाहीतर अंधेरीला उतरून उगाच अर्धा तास जातो.

पगाराचं बोलणं तर कागद-पेन घेऊनच शिका. समजा ग्रॉस, म्हणजे काही कापायच्या आधीचा पगार, १५,००० आणि त्यात बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता) १२,०००. तुमचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) या १२,००० च्या १२ टक्के म्हणजे १,४४० कापला जातो, ईएसआयसीचे (कामगारांचा आरोग्य विमा) ग्रॉसच्या ०.७५ टक्के म्हणजे ११३ रुपये, आणि व्यवसाय कर २००. हातात येतात १३,२४७. महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांना २०० जास्त मिळतात. पण कंपनी स्वतःचा पीएफ आणि ईएसआयसीचा वाटा धरून सीटीसी, म्हणजे तुमच्यामागे होणारा तिचा एकूण खर्च, साधारण १७ हजार सांगते! त्यामुळे "इन हँड किती येईल?" हा प्रश्न वर्गात इतक्या वेळा विचारा की तिथे विचारताना संकोच वाटणार नाही.

आणि रात्री शाळा आहे हे लपवू नका, प्लीज. नोकरी जाईल या भीतीने बरेच जण सांगत नाहीत, मग शिफ्ट आठपर्यंत लागते आणि दोन महिन्यांत शाळा सुटते, हे बघून फार जीव तुटतो. "साडेसहाला माझा वर्ग असतो, सकाळची शिफ्ट मिळाली तर मी लवकर यायला तयार आहे" असं सरळ सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मार्कशीट डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये उतरवून ठेवा, मूळ प्रत दाखवा पण कुणाकडे ठेवून येऊ नका. आधीच्या मालकाने अनुभवाचं पत्र दिलं नसेल तर पीएफचं पासबुक किंवा बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी दाखवता येतात. आणि नोकरीसाठी डिपॉझिट किंवा युनिफॉर्मचे पैसे आधी मागितले तर सरळ उठून या.

इंटरव्ह्यू झाला की त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, विचारलेले सगळे प्रश्न मोबाईलमध्ये लिहून ठेवा. निवड होवो न होवो, दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ते चिठ्ठ्यांवर उतरवा आणि डब्यात टाका, पुढच्या आठवड्यात बाकावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर असतो.